जुन्या मोटारीची पुनर्बांधणी : गाडी निवडण्यापासून पहिल्या हजार किलोमीटरपर्यंतचा क्रम

अर्धवट सोडून दिलेली जुनी मोटार विकायला निघते, तेव्हा तिच्यासोबत हटकून तीन गोष्टी मिळतात : नवे कोरे कार्ब्युरेटर, घासून चकचकीत केलेले इंजिनाचे झाकण आणि कोणता बोल्ट कुठला हे न लिहिता भरलेली चार-पाच खोकी. मालकाने कष्ट कमी केलेले नसतात, पैसाही ओतलेला असतो. चुकलेला असतो तो कामाचा क्रम. इंजिनाचा आवाज ऐकण्याची घाई, सगळी गाडी आठवड्याभरात खोलून टाकण्याचा उत्साह आणि रंगाखालच्या गंजाकडे केलेले दुर्लक्ष या तीन चुका पुन्हा पुन्हा होताना दिसतात, म्हणून या लेखात निवड, तयारी आणि क्रम यांना अधिक जागा दिली आहे. प्रत्येक मॉडेलचे बारकावे कारखान्याने काढलेल्या दुरुस्ती-पुस्तिकेत असतात. ती पुस्तिका आणि सुट्या भागांची सचित्र यादी या दोन गोष्टी शक्यतो गाडी घेण्याआधीच मिळवाव्यात.

## टप्पा १ : गाडी निवडणे

मनात वर्षानुवर्षे घर करून बसलेली गाडी बहुधा छायाचित्रातली असते. म्हणून खरेदीचा विचार पक्का करण्यापूर्वी त्याच मॉडेलची चालू स्थितीतली गाडी कोणाकडून तरी मिळवून किमान तासभर चालवावी. पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी जागच्या जागी वळवताना लागणारा जोर, चारही चाकांना ड्रम ब्रेक असल्यामुळे पुढच्या वाहनापासून ठेवावे लागणारे अंतर, पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर बदलताना दोन्ही चक्रांची गती जुळवणारी रचना) नसल्याने होणारी खडखड आणि स्टिअरिंगला अडणारे गुडघे या गोष्टी त्या तासाभरात कळतात. काही जणांचा बेत तिथेच बदलतो, आणि तो खरेदीपूर्वी बदललेला बरा.

त्यानंतर आपल्याला नेमके काय करायचे आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. मूळ रंग, मूळ गाद्या आणि वापराच्या खुणा राखून गाडी केवळ चालती ठेवणे हे जतन झाले. नादुरुस्त तेवढेच नीट करणे ही दुरुस्ती झाली. आणि सांगाड्यापर्यंत खोलून सगळे नव्याने उभे करणे ही पुनर्बांधणी झाली. या तिन्हींचा खर्च, वेळ आणि जागा यांत मोठी तफावत आहे, तरीही अनेक जण पहिल्या कामाच्या तयारीने तिसरे काम अंगावर घेतात. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ हिच्या व्याख्येत वाहन किमान ३० वर्षांचे, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत राखलेले आणि रोजच्या वाहतुकीसाठी न वापरलेले असावे लागते. तशी मान्यता हवी असेल, तर आधुनिक इंजिन किंवा डिस्क ब्रेक बसवण्याचा विचार सुरुवातीलाच तपासून घ्यावा. मूळ रंग टिकून असलेल्या गाडीवर एकदा पॉलिश पेपर फिरला, की तो मूळ रंग पुन्हा मिळत नाही.

निवडीत सुटे भाग मिळण्याला सौंदर्यापेक्षा जास्त वजन द्यावे. फोक्सवागन बीटल १९३८ ते २००३ या काळात २ कोटी १० लाखांहून अधिक संख्येने बनली, त्यामुळे तिच्या मडगार्डपासून खिडकीच्या रबरापर्यंत बहुतेक सर्व भाग आजही नव्याने तयार होतात. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसारख्या गाडीचा तर पूर्ण सांगाडाच नवा मिळू शकतो. याउलट थोड्या संख्येने निघालेल्या गाडीच्या मागच्या दिव्याची एक काच शोधण्यात दोन वर्षे जातात. पिस्टन, बुश, गॅसकेट हे भाग मापावरून घडवून घेता येतात. साच्यातून निघालेली काच, डॅशबोर्डावरचे मीटर आणि क्रोमच्या पट्ट्या सहजी घडवता येत नाहीत. म्हणून इंजिन बंद असले तरी चालेल, पण गाडी पूर्ण असावी आणि पत्रा निरोगी असावा. चाबी फिरवताच सुरू होणारी पण तळ कुजलेली गाडी तिच्या दुप्पट महाग पडते, असा माझा अनुभव आहे.

पहिलाच प्रकल्प असेल तर दोन प्रकारच्या गाड्या टाळाव्यात. एक, दुसऱ्या कोणी खोलून खोक्यांत भरलेली गाडी. तिच्यात काय नाही हे शेवटच्या महिन्यातच कळते. दुसरी, छत उघडणारी गाडी. छप्पर नसल्यामुळे तिची बहुतेक ताकद दरवाज्यांखालच्या आडव्या पेट्यांत, म्हणजे सिलमध्ये असते, आणि नेमकी तीच जागा सर्वांत आधी गंजते.

वेळेचा हिशेबही आधीच मांडावा. सुट्टीच्या दिवसांत घरी काम करणाऱ्याला संपूर्ण पुनर्बांधणीसाठी हजार तास सहज लागतात. आठवड्याला दहा तास मिळत असतील तर ही दोन वर्षे झाली, चार तास मिळत असतील तर जवळजवळ पाच. भागांच्या यादीवरून काढलेल्या खर्चात निदान एक तृतीयांश रक्कम वाढवून धरावी, आणि क्रोम, गाद्या व रंग ही बाहेरून करून घ्यायची कामे वेगळी लिहावीत.

तपासणी : वापर, जागा, आठवड्याचे तास आणि रक्कम या चारांपैकी कोणत्याही एका गोष्टीपुढे ठोस आकडा किंवा उत्तर लिहिता येत नसेल, तर गाडी पाहायला जाऊ नये.

## टप्पा २ : खरेदीपूर्वीची पाहणी

सोबत टॉर्च, मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक, बोथट स्क्रू ड्रायव्हर, आरसा, जॅक, दोन स्टँड आणि वही न्यावी. गाडी कोरडी असताना आणि दिवसाउजेडी पाहावी, कारण ओल्या पत्र्यावर प्रत्येक रंग चांगलाच दिसतो.

सर्वप्रथम कागदपत्रे पाहावीत. चॅसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर प्रत्यक्ष कुठे ठोकलेले आहेत ते पुस्तिकेत पाहून जावे आणि कागदावरच्या आकड्यांशी एकेक अंक जुळवावा. क्रमांकाभोवतीचा पत्रा घासलेला, पुन्हा जोडलेला किंवा पट्टीचे रिव्हेट बदललेले दिसले, तर पुढची पाहणी करण्याची गरज उरत नाही.

नंतर पत्रा. सिल, तळाचा पत्रा, जॅक लावण्याच्या जागा, स्प्रिंग जिथे सांगाड्याला अडकतात ते कंस, बॅटरीखालची थाळी, पुढच्या काचेची खालची कड, चाकांवरच्या कमानी आणि डिकीचा तळ या ठिकाणी पाणी साठते व गंज आतून बाहेर येतो. रंगावर दिसणारा फोड म्हणजे गंजाचे टोक होय. आत तो बहुतेक वेळा कितीतरी पट पसरलेला असतो. लोहचुंबक कड्यांवरून हळूहळू सरकवत न्यावे; जिथे त्याची पकड सुटते, तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. काही गाड्यांचे बोनेट किंवा दरवाजे ॲल्युमिनियमचे अथवा फायबरचे असतात, त्यामुळे चुंबक न चिकटण्याचा अर्थ लावण्यापूर्वी मूळ भाग कशाचा होता हे माहीत असावे. मालकाची परवानगी घेऊन तळाचे सांधे स्क्रू ड्रायव्हरने दाबून पाहावेत.

दरवाजा अर्धा उघडून खालून वर उचलावा. तो हलला तर बिजागरी झिजलेली असू शकते आणि ते दुरुस्त होते. पण दरवाजा बंद करताना वरची व खालची फट सारखी दिसत नसेल, तर सांगाडा खचलेला असण्याची शक्यता धरून चालावे. हीच चाचणी गाडी जॅकवर उचलून पुन्हा करावी. उचलल्यावर फटीचे माप बदलले, तर ती गाडी मध्यभागी वाकते आहे.

इंजिन फिरत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात तयार होणारा दाब, मोजावे : सर्व प्लग काढलेले, इग्निशनची जोडणी तोडलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी भरलेली असावी. इथे एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा असतो. सर्वांत जास्त व सर्वांत कमी दाबात १०-१५ टक्क्यांहून अधिक अंतर असेल, तर कमी दाबाच्या सिलिंडरात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व किंवा हेड गॅसकेटचा दोष आहे.

सावधान : अनेक वर्षे बंद असलेले इंजिन स्टार्टरने किंवा गाडी ओढून फिरवू नये. प्लगच्या भोकांतून पातळ तेल सोडून काही दिवस थांबावे आणि मग क्रँकच्या पुढच्या नटावर पाना लावून हाताने, थोडे पुढे थोडे मागे, असे फिरवून पाहावे. अडकलेली रिंग जोराने तुटते आणि सिलिंडरावर कायमची रेघ ओढते.

## टप्पा ३ : जागा, हत्यारे आणि जीव

खोललेली गाडी उभ्या गाडीच्या दोन ते तीन पट जागा व्यापते. दरवाजे, काचा, बोनेट आणि गाद्या कुठे राहतील ते आधी ठरवावे. छताखालची कोरडी फळी ही या कामातली सर्वांत कमी लेखली जाणारी सोय आहे.

पाने गाडीच्या मापाचे असावेत. युरोपातल्या बहुतेक गाड्यांना मिलिमीटरचे पाने लागतात. अमेरिकी आणि १९५०च्या दशकानंतरच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांना इंचाचे लागतात, तर त्यापूर्वीच्या ब्रिटिश गाड्यांवर व्हिटवर्थ मापाचे नट भेटतात. जवळच्या मापाचा पाना लावून पाहणे म्हणजे नटाचे कोपरे गोल करणे होय. यांखेरीज टॉर्क पाना (नट ठरावीक जोरानेच कसता येणारा पाना) आणि एक जाड, वेगळी वही लागते.

सुरक्षिततेबाबत चार गोष्टी निक्षून सांगतो. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. स्टँड लावून, गाडी हलवून पाहून मगच खाली जावे. जुन्या ब्रेक शू आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ती धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासताना योग्य मास्क वापरावा. आणि क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग कधीही करू नये, कारण त्या उष्णतेत फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू तयार होतो.

सावधान : पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी आतल्या वाफा स्फोट होण्याइतक्या असतात. टाकी घरी कापू नये आणि तिच्यावर वेल्डिंगही करू नये.

## टप्पा ४ : नोंद करत खोलणे

खोलणे हे काम सोपे वाटते आणि म्हणूनच त्यात सर्वाधिक नुकसान होते. एकही बोल्ट सैल करण्यापूर्वी गाडी धुऊन दोन-तीनशे छायाचित्रे घ्यावीत : वायर कुठून कशी जाते, पट्ट्या कोणत्या क्रमाने लागल्या आहेत, दरवाज्याच्या फटी किती आहेत, वॉशर कोणत्या बाजूला आहे. फटींची मापे चारही कोपऱ्यांवर मोजून वहीत लिहावीत; रंगकामापूर्वी त्यांचा उपयोग होणार आहे.

गाडी एकाच वेळी सगळी खोलू नये. आधी काचा व आतले सामान, मग वायरिंग, मग इंजिन-गिअरबॉक्स, मग ब्रेक व स्टिअरिंग असा गट ठरवून एक गट संपवावा, पिशव्यांत भरावा, चिठ्ठी लावावी आणि मगच दुसऱ्याला हात लावावा. चिठ्ठीवर ‘बोल्ट, पुढचे’ असे न लिहिता ‘उजवा पुढचा दरवाजा, वरची बिजागरी, ३ बोल्ट, लांब बोल्ट वरच्या भोकात’ असे लिहावे. माझ्याकडच्या पहिल्या गाडीच्या एका पिशवीवर मी केवळ ‘महत्त्वाचे’ असे लिहिले होते; ते नेमके कशाचे होते हे मला अजूनही ठाऊक नाही.

जुना भाग फेकू नये. नवा भाग हातात येऊन, जुन्याशेजारी ठेवून, गाडीवर बसवून पाहिल्यावरच जुना टाकावा, कारण नव्याने बनवलेल्या भागांची भोके काही मिलिमीटरांनी सरकलेली असणे अगदी नेहमीचे आहे. क्रोमचे भाग मात्र याच टप्प्यात मोजून, त्यांची छायाचित्रे काढून कामाला द्यावेत. मुलामा चढवणाऱ्यांना अनेक महिने लागतात आणि शेवटी सगळी गाडी एका बंपरसाठी थांबते.

तपासणी : खोललेल्या प्रत्येक गटाची पिशवी, छायाचित्र आणि वहीतली नोंद या तिन्हींचा मेळ बसतो का, हे दर आठवड्याच्या शेवटी पाहावे.

## टप्पा ५ : सांगाडा आणि पत्रा

इंजिनाआधी पत्राकाम का, याचे कारण साधे आहे : सांगाडा वाचवता येत नाही असे कळले, तर इंजिनावरचा खर्च वाया जातो. शिवाय वेल्डिंगची ठिणगी आणि घासणीची धूळ नव्या इंजिनाच्या शेजारी नको असते.

रंग आणि गंज काढण्याची रीत भागानुसार निवडावी. वाळूचा मारा जाड चॅसिससाठी ठीक आहे, पण बोनेट, छप्पर आणि दरवाज्याचा सपाट पत्रा त्याने ताणला जाऊन लाटांसारखा होतो. तिथे रंग काढण्याचे रसायन, प्लास्टिकचे दाणे किंवा सोड्याचा मारा वापरावा. छोट्या लोखंडी भागांसाठी धुण्याच्या सोड्याचे पाणी आणि बॅटरी चार्जर यांचा वापर करून विद्युत-पद्धतीने गंज काढता येतो : ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक टाकाऊ लोखंडाच्या तुकड्याला. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातून घातक क्रोमियम पाण्यात उतरते. या क्रियेत हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्या हवेत करावे आणि चार्जर बंद केल्याशिवाय चिमटे काढू नयेत. ॲल्युमिनियमचे भाग आणि कडक पोलादी स्प्रिंग या पाण्यात बुडवू नयेत.

सर्वांत महाग चूक सिल कापताना होते. सिल कापला की मधला आधार जातो आणि गाडी स्वतःच्या वजनाने खचते. मग नवा सिल त्या खचलेल्या मापावरच जोडला जातो आणि दरवाजा पुन्हा कधीही नीट बसत नाही. म्हणून सांगाडा समपातळीत, चाकांच्या जवळ योग्य जागी टेकवून, दरवाज्याच्या चौकटीत तिरक्या व आडव्या लोखंडी नळ्या तात्पुरत्या जोडाव्यात, मापे पुन्हा घ्यावीत आणि मगच कापावे. एका वेळी एकच बाजू करावी. नवा सिल आधी चिमट्यांनी पकडून, दरवाजा लावून, फट पाहून, थोडे टाके मारून, पुन्हा दरवाजा लावून पाहावा. पूर्ण वेल्डिंग सर्वांत शेवटी येते.

पत्रा साधारण ०.८ ते १ मिलिमीटर जाडीचा असल्यामुळे मिग वेल्डिंगमध्ये (वायूच्या आवरणात सतत पुढे येणाऱ्या तारेने होणाऱ्या वेल्डिंगमध्ये) ०.६ मिलिमीटरची तार वापरावी, सलग रेघ न ओढता दोन-तीन सेंटिमीटरवर एकेक टाका मारावा, एका टाक्यानंतर दूरच्या ठिकाणी जावे आणि पत्रा हाताला सोसवेल इतका थंड झाल्यावरच परत यावे. एकावर एक येणाऱ्या पत्र्यांच्या मधल्या जागेत वेल्डिंगला चालणारा जस्तयुक्त प्रायमर आधी लावावा. कुजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चिकटवणे म्हणजे गंजाला घर बांधून देणे. कुजलेला भाग निरोगी धातूपर्यंत कापूनच काढावा.

सावधान : वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि आल्टरनेटरची जोडणी काढावी, पत्र्यामागचे कापड, डांबरी थर व पाइप दूर करावेत, आग विझवण्याचे साधन हाताशी ठेवावे. काम संपल्यानंतर अर्धा तास तिथेच थांबावे. पलीकडच्या बाजूला धुमसणारे कापड तेवढ्या वेळानेच दिसते.

उघडा पत्रा एका रात्रीत गंजू लागतो. म्हणून साफ केलेल्या भागाला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर लावावा आणि पुट्टी त्याच्यावर द्यावी. पुट्टी ओल शोषते, तिच्याखाली थेट लोखंड असेल तर पुढच्या पावसाळ्यानंतर फोड येतात.

## टप्पा ६ : रंगापूर्वीची कोरडी जोडणी

हा टप्पा लोक गाळतात आणि मग रंगवलेल्या दरवाज्याला कानस लावतात. मीही एकदा लावली आहे. प्रायमरवरच असताना दरवाजे, बोनेट, डिकी, बंपर, दिवे, काचांची रबरे आणि क्रोमच्या पट्ट्या प्रत्यक्ष बसवून पाहाव्यात, वहीतल्या फटींशी ताडून घ्याव्यात आणि लागणारी सर्व भोके याच वेळी पाडावीत. नवे रबर जाड असल्यामुळे दरवाजा बाहेर राहतो. तेव्हा रबर बदलायचे की बिजागरी हलवायची, हा निर्णय इथेच घ्यावा लागतो.

तपासणी : गाडी स्वतःच्या चाकांवर, शक्यतो इंजिनाइतके वजन पुढे ठेवून, उभी असताना प्रत्येक दरवाजा एका बोटाने बंद होतो का?

## टप्पा ७ : रंग

पुट्टी ८० क्रमांकाच्या पेपराने आकारात आणून १८०ने गुळगुळीत करावी, वर जाड थराचा प्रायमर द्यावा, त्यावर वेगळ्या रंगाचा हलका फवारा मारून लांब ठोकळ्याने ३२० किंवा ४००ने घासावे. फवाऱ्याचा रंग जिथे शिल्लक राहतो तिथे खड्डा आहे, जिथे खालचा धातू दिसू लागतो तिथे उंचवटा. अंतिम रंगापूर्वी ६०० क्रमांकाचा ओला हात द्यावा. आधी इंजिनाची पोकळी, तळ आणि आतली बाजू, नंतर बाहेरचे भाग असा क्रम ठेवावा. मेटॅलिक रंग असेल तर सर्व भाग एकाच दिवशी, एकाच डब्यातून आणि गाडीवर असतील त्याच स्थितीत धरून रंगवावेत. आडव्या ठेवलेल्या दरवाज्यावर चंदेरी कण वेगळे बसतात आणि उन्हात त्याची छटा निराळी दिसते.

सावधान : दोन भाग मिसळून होणाऱ्या रंगांच्या कडक करणाऱ्या द्रावणात आयसोसायनेट असते. त्यासाठी साधा मास्क पुरत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा नसेल, तर हे काम रंगशाळेकडेच द्यावे. पोकळ्यांत घालायचे गंजरोधक मेण रंग पूर्ण वाळल्यानंतरच घालावे, एरवी ते उष्णतेने वितळून रंगात उतरते.

## टप्पा ८ : यांत्रिक भाग, ब्रेकपासून सुरुवात

पत्रा बाहेर कामाला असताना यांत्रिक काम करता येते, पण त्यातही ब्रेक पहिले. रबरी होज, चाकांचे सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर बाहेरून बरे दिसले तरी बदलावेत किंवा नव्या किटने पूर्ण खोलून दुरुस्त करावेत. जुना होज आतून सुजून बंद होतो आणि ब्रेक दाबल्यावर परत सुटत नाही. ब्रेक ऑइलच्या नावांत गफलत होते : डॉट ३, ४ आणि ५.१ ही ग्लायकॉलची, ओल शोषणारी तेले आहेत, तर डॉट ५ हे सिलिकॉनचे असून ते त्यांच्यात मिसळू नये. सिट्रोएन डीएस या फ्रेंच मॉडेलच्या नंतरच्या गाड्यांत हिरवे खनिज तेल लागते; तिथे साधे ब्रेक ऑइल घातल्यास सगळी सील निकामी होतात.

इंजिन खोलले असेल, तर सिलिंडर, क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे त्याचे गोल भाग) आणि हेडचा सपाटपणा मोजून घ्यावा आणि मगच रिंगा किंवा बेअरिंग मागवावेत. आधी भाग मागवून नंतर मोजणारे बरेच आहेत. शिशाचे पेट्रोल बंद झाल्यामुळे जुन्या इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्वच्या बैठकींना मिळणारे संरक्षण गेले आहे, म्हणून हेडचे काम निघालेच असेल तर कडक बैठकी बसवून घ्याव्यात. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप व डायफ्रॅम फुगतात आणि चिरतात. ते सर्व इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारचे घ्यावेत.

टायरवर चर खोल असली तरी वय पाहावे. २०००पासूनच्या टायरवरील डॉट (DOT) या अक्षरांच्या खुणेच्या शेवटी चार अंक असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. शेवटी तीनच अंक असतील तर तो टायर गेल्या शतकातला आहे आणि त्यावर गाडी केवळ ढकलावी.

## टप्पा ९ : वायरिंग आणि जोडणी

अनेक ब्रिटिश गाड्यांत १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, आणि बऱ्याच जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या होत्या. मधल्या एखाद्या मालकाने ते बदललेले असू शकते, म्हणून केवळ पुस्तिकेवर विसंबू नये. डायनॅमो, कॉइल आणि मीटर यांच्या जोडण्या पाहून मगच बॅटरी बसवावी. कापडी आवरण तडकलेली वायर टेप गुंडाळून वापरू नये, पूर्ण नवा संच घालावा.

नव्या रंगाच्या गाडीत दिवे मंद जळतात किंवा मीटर वेडेवाकडे हलतात, याचे कारण बहुतेक वेळा रंगच असतो : अर्थची जागा, म्हणजे वायर सांगाड्याला जोडण्याची जागा, रंगाने झाकली गेलेली असते. अशी प्रत्येक जागा खरवडून, वायर घट्ट करून वर ग्रीस लावावे. पहिल्यांदा वीज देताना बॅटरीची केबल थेट न जोडता मध्ये एक दिव्याचा बल्ब घालावा. सर्व स्विच बंद असताना बल्ब प्रखर पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तुमची वायरिंग वाचली आहे.

छताचे आतले कापड काचांच्या आधी लावावे, कारण अनेक गाड्यांत त्याची कड काचेच्या रबराखाली दबते. गाद्या आणि गालिचा सर्वांत शेवटी.

## टप्पा १० : पहिली सुरुवात आणि पहिले हजार किलोमीटर

प्लग काढून, इंजिन स्टार्टरने थोडे थोडे फिरवत, तेलाचा दाब मीटरवर दिसेपर्यंत थांबावे. दाब दिसल्याशिवाय प्लग लावू नयेत. नवा कॅमशाफ्ट (व्हॉल्व उघडणारा दांडा) आणि त्यावर टेकणारे सपाट टॅपेट असतील, तर इंजिन सुरू होताच ते मंद गतीवर न ठेवता सुमारे २० मिनिटे, मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास, गती थोडी बदलत, चालवावे आणि जस्तयुक्त तेल वापरावे. मंद गतीवर कॅमच्या माथ्यावर पुरेसे तेल उडत नाही आणि तो पहिल्याच दिवशी झिजतो. पाणी, तेल व पेट्रोलची गळती पाहायला दुसरी व्यक्ती विझवण्याच्या साधनासह उभी असावी.

रस्त्यावर नेण्याआधी मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगात ब्रेक तपासावेत, मग तीसच्या वेगाने, आणि दर वेळी थांबून चाकांचा गरमपणा हाताने पाहावा; एकच चाक तापत असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही. पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा टॉर्क पान्याने कसावेत, आणि पुस्तिकेत सांगितले असल्यास हेडचे नटही, इंजिन पूर्ण थंड असताना. नव्या रिंगा बसण्यासाठी साधे खनिज तेल वापरून गती आणि भार बदलत चालवावे. उभ्या उभ्या तासभर चालू ठेवलेल्या इंजिनात सिलिंडरची भिंत काचेसारखी गुळगुळीत होते आणि ते पुढे कायम तेल पिते.

साधारण ५०० किलोमीटरला आणि पुन्हा हजारला तेल बदलावे, काढलेला फिल्टर कापून त्याचा कागद उजेडात पसरून पाहावा. बारीक करडी धूळ या वेळी अपेक्षितच असते. तांबूस किंवा पितळी रंगाचे चमकणारे कण दिसले, तर बेअरिंग घासले जात आहे. अशा वेळी खालची तेलाची थाळी उतरवून बेअरिंग प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय इंजिन पुन्हा सुरू करू नये.